पहिला मोटार बंब आणि आटलेली नदी : एका लहान गावाचं प्रकरण

हे प्रकरण एका लहान नदीकाठच्या गावाचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मी मुद्दाम देत नाही. गावाच्या कमिटीची इतिवृत्तं, बंब बनवणाऱ्या कारखान्याशी झालेला पत्रव्यवहार, बिलं आणि सरावाची नोंदवही एवढ्यावरून ते मांडलं आहे. गावानं आपला पहिला मोटार बंब घेतला तो काळ पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेचा. या बंबाची गोष्ट गावात एका वाक्यात सांगितली जाते: आधी घोडे होते, मग मोटार आली, मग आगी आटोक्यात यायला लागल्या. कागद वाचत गेलो तेव्हा ती इतकी सरळ राहिली नाही. मोटार आली आणि पहिल्याच मोठ्या आगीत ऐन वेळी तिच्या पंपातून पाण्याचा थेंब निघेना. असं का झालं, कोणत्या दिवशी कोणता निर्णय घेतला म्हणून झालं, आणि त्यानंतर गावानं काय केलं, हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

गावाची वस्ती काही हजारांची. वरच्या अंगाला चढावर घरं, मधे बाजारपेठ, आणि खाली नदीला लागून लाकडाची वखार व तिच्या शेजारची लाकूड कापायची गिरणी. बाजारपेठेतली बहुतेक घरं खाली दगडी आणि वरचे मजले लाकडी. टेकडीवरच्या तलावातून नळ आणलेले होते, पण ते बाजारापर्यंतच. बाजाराच्या शेवटच्या टोकाला दाब इतका कमी व्हायचा की एका वेळी दोन नळ्या लावल्या तर दोन्हींची धार लुळी पडायची. वखारीकडे नळ गेलेलेच नव्हते. तिकडे शेजारीच नदी आहे, मग नळ कशाला, असा सगळ्यांचा समज.

अग्निशामक म्हणजे गावातलेच दुकानदार, सुतार, लोहार, गिरणीतले कामगार. घंटा वाजली की हातातलं काम टाकून धावायचे. त्यांच्याकडे हातपंपाचा बंब होता. लाकडी पेटीत दोन पितळी सिलिंडर, दोन्ही बाजूंना लांब दांडे, दांड्यांना दोन्हीकडून माणसं लागायची आणि एक बाजू खाली तेव्हा दुसरी वर असा जोर मारायची. पाच-सात मिनिटांत दम लागतो, म्हणून मागे दुसरी तुकडी उभी ठेवावी लागते. हा बंब ओढायला घोडे लागत, आणि ते गावाचे स्वतःचे नव्हते. मालवाहतूक करणाऱ्या एका गाडीवानाशी करार होता. घंटा झाली की त्यानं घोडे सोडायचे आणि बंबाला जुंपायचे.

मोठ्या शहरांसारखा वाफेचा बंब या गावानं कधी घेतला नाही, आणि ते मला शहाणपणाचं वाटतं. वाफेच्या बंबाला बॉयलर तापवावा लागतो. तो तयार राहावा म्हणून ठाण्यात पाणी सतत गरम ठेवावं लागतं आणि बॉयलर जाणणारा माणूस लागतो. स्वयंसेवकांच्या गावाला हे पेलणारं नव्हतं.

नेमकी अडचण

एका दुपारी बाजाराच्या कडेचं धान्याचं गोदाम पेटलं. घंटा झाली, माणसं जमली, पण घोडे स्टेशनवरून माल आणायला गेले होते. शेवटी माणसांनीच बंब ओढत नेला. चढ होता. पोचेपर्यंत गोदामाचं छप्पर बसलं होतं, आणि शेजारची दोन घरं वाचवण्यातच सगळं बळ गेलं.

कमिटीच्या पुढच्या बैठकीत सगळा रोख घोड्यांवर होता. गाडीवानाची बाजूही इतिवृत्तात आहे, आणि ती रास्त आहे. त्याचं म्हणणं असं की घोडे दिवसभर ठाण्यात बांधून ठेवले तर त्याचा धंदा बसेल, आणि गाव त्याला जे देतं त्यात त्यांची वैरणही भागत नाही.

यानंतर विमा कंपनीचं पत्र आलं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच. त्यात दोन मागण्या होत्या. एक, गावानं मोटारवर चालणारा बंब घ्यावा. दोन, नळ नसलेल्या भागात वर्षभर पुरेल अशी पाण्याची खात्रीची सोय करावी. दोन्ही झालं नाही तर बाजार आणि वखार यांचा हप्ता वाढेल.

इतिवृत्तात या पत्राचा सारांश आहे. त्यात पहिली मागणी शब्दशः उतरवली आहे. दुसरीबद्दल एवढंच की नदी जवळ असल्यानं हा मुद्दा गावाला लागू नाही. तिथून पुढे कित्येक महिने 'पाणी' हा शब्द चर्चेत जवळजवळ येतच नाही.

समोर असलेले पर्याय

कमिटीनं घाई केली, असं कोणी म्हणू नये. त्यांनी माहितीपत्रकं मागवली, शेजारच्या मोठ्या गावांत जाऊन पाहिलं, हिशेब मांडले. एकूण पाच वाटा चर्चेत आल्या.

पहिली, स्वतःचे घोडे पाळायचे. घोडा आग असो नसो खातो, त्याला रोज फिरवावं लागतं आणि रात्री तबेल्यात माणूस लागतो. शिवाय घोडे आजारी पडले तर सगळंच ठप्प. 1872 मध्ये उत्तर अमेरिकेत घोड्यांची साथ पसरली होती. त्याच साथीत बॉस्टन पेटलं आणि बंब माणसांना ओढत न्यावे लागले. त्या आगीत 776 इमारती गेल्या. आपल्या गोदामाची दुपार आठवून कमिटीतल्या एकानं हे उदाहरण दिलं होतं.

दुसरी वाट, जुन्या बंबापुढे मोटारीचं पुढचं धूड जोडायचं. शहरांतल्या जड, धडधाकट वाफेच्या बंबांना असं इंजिन जोडून त्यांचं आयुष्य वाढवलं जात होतं. पण गावाचा हातपंप हलका, लाकडी चाकांचा. मोटारीच्या वेगाला तो खिळखिळा झाला असता. ही वाट लवकरच बाद झाली.

तिसरी वाट सगळ्यात स्वस्त, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. साध्या मोटारीच्या चॅसीवर सोडा-ॲसिडची टाकी आणि नळ्या बसवून घ्यायच्या. फोर्डची मॉडेल टी 1908 पासून निघत होती, सगळीकडे मिळायची, आणि तिचे सुटे भाग लोहारालासुद्धा ओळखीचे होते. सोडा-ॲसिडच्या टाकीत खाण्याचा सोडा विरघळलेलं पाणी असतं आणि वर सल्फ्युरिक ॲसिडची बाटली. बाटली उलटी केली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याच्या दाबानं पाणी नळीतून जोरात बाहेर येतं. पंप नको, इंजिनाची शक्ती नको. घटनास्थळी पोचल्या पोचल्या काही सेकंदांत धार मिळते. त्या काळी बऱ्याच लोकांना वाटायचं की आग त्या वायूमुळे विझते. खरं काम बहुतांशी पाणीच करतं, वायू फक्त ढकलतो. लहान आगीला ही टाकी फार उपयोगी पडते, पण ती संपली की संपली. शिवाय मॉडेल टीचं इंजिन साधारण 20 अश्वशक्तीचं, आणि तिचं पेट्रोल टाकीतून नुसत्या उतारानं कार्ब्युरेटरकडे यायचं. टाकीत पेट्रोल कमी असलं आणि चढ तीव्र असला की ते पोचायचं नाही, म्हणून चालक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. या गावाची अर्धी वस्ती चढावर. भरलेली टाकी, नळ्या आणि चार माणसं घेऊन मागे मागे चढ चढणारा बंब, हे चित्र कमिटीला पटलं नाही. मलाही पटत नाही.

चौथी वाट, कारखान्यात बनलेला पुरा मोटार बंब. एकाच गाडीवर पंप, नळ्या आणि सोडा-ॲसिडची टाकी. तेव्हा हे तंत्र अगदी नवंही नव्हतं आणि पूर्ण मुरलेलंही नव्हतं. लंडनजवळच्या फिंचलीला मेरीवेदर कंपनीचा पेट्रोल बंब 1904 मध्ये मिळाला होता. अमेरिकेत वॉटरस कंपनीनं 1906 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या वेन इथल्या दलाला दिलेल्या बंबावर दोन इंजिनं होती, एक गाडी चालवायला आणि दुसरं पंप फिरवायला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या ॲलामीडासाठी त्याच कंपनीनं एकाच इंजिनावर दोन्ही कामं करणारा बंब बनवला. पुढे हीच पद्धत रुळली: गाडी उभी करायची, गिअर सोडवायचा आणि तेच इंजिन पंपाला जोडायचं. 1911 मध्ये जॉर्जियातल्या सवाना शहरानं आपलं सगळं दल मोटारवर आणलं होतं. पण न्यूयॉर्कमध्ये घोड्यांचा शेवटचा बंब निघाला तो 1922 च्या डिसेंबरात. म्हणजे या गावाची कमिटी निर्णयाला बसली तेव्हा जगातली मोठमोठी दलंसुद्धा अजून दोन्ही पायऱ्यांवर पाय ठेवून होती.

पाचवी वाट इतिवृत्तात एकाच ओळीत आहे. तलावाचे नळ वखारीपर्यंत वाढवायचे. एका सभासदानं सुचवलं, कोणी अनुमोदन दिलं नाही, विषय संपला. खर्च मोठा, आणि जमिनीत पुरलेला नळ कोणाला दिसत नाही. लाल रंगाची, पितळी घंटा लावलेली गाडी सगळ्यांना दिसते. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. लोकवर्गणी गोळा करायची तर लोकांना काहीतरी दाखवावं लागतं, ही त्यांची अडचण खरी होती.

निर्णय आणि प्रात्यक्षिक

चौथी वाट ठरली. कारखान्यानं आपला माणूस आणि एक बंब प्रात्यक्षिकासाठी पाठवला. हा या प्रकरणातला पहिला खरा निर्णायक दिवस.

कमिटीनं त्या दिवशी एक गोष्ट अतिशय चांगली केली. कारखान्याचा माणूस अर्धा तास पंप चालवून दाखवणार होता. गिरणीतला यंत्रज्ञ कमिटीवर होता, तो अडून बसला. मोटारीचं इंजिन धावताना वाऱ्यानं थंड राहतं. उभ्या गाडीत तेच इंजिन तासन्‌तास पूर्ण ताकदीनं चालवायचं म्हटलं तर रेडिएटर उकळणार, हे त्याला गिरणीतल्या अनुभवावरून कळत होतं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या मंडळाची पंपाची चाचणी तेव्हा बारा तासांची असायची, हेही त्यानं वाचलं होतं. त्याच्या हट्टानं बंब सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवला. दुपारनंतर रेडिएटर खरंच उकळला. मग पंपातलंच थोडं पाणी इंजिनाभोवती फिरवणारी नळी नीट जुळवून घेतली गेली आणि पुढचे तास इंजिन शांत चाललं. खरेदीच्या करारात ही नळी आणि तिचा कॉक नावानिशी लिहून घेतला आहे. लहान गावातल्या एका यंत्रज्ञानं इतक्या नेमकेपणानं आपलं म्हणणं कागदावर आणलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

पण प्रात्यक्षिक झालं पुलाजवळ, पावसाळ्याच्या शेवटी. नदी भरलेली होती. बंब पुलाच्या तोंडाशी उभा केला, शोषक नळी खाली सोडली, आणि पाणी हाताशी असल्यासारखं होतं. पंपानं ते क्षणात खेचलं. धार गिरणीच्या धुराड्यापर्यंत गेली आणि काठावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पंप पाणी खेचतो असं आपण म्हणतो, पण पाणी वर चढतं ते हवेच्या दाबानं. पंप नळीतली हवा काढून टाकतो आणि बाहेरच्या हवेचा भार पाण्याला त्या पोकळीत ढकलतो. हा भार समुद्रसपाटीला सुद्धा साधारण 10.3 मीटर उंचीच्या पाण्याइतकाच असतो. त्यापुढे जगातला कोणताही पंप पाणी शोषून वर घेऊ शकत नाही. प्रत्यक्षात जाळी, नळीतलं घर्षण, सांध्यांतली बारीक गळती हे सगळं वजा जाऊन सात मीटरच्या आसपास हात टेकावे लागतात. आणि त्या मर्यादेच्या खूप आधीच धार रोडावायला लागते. म्हणून बंबाची क्षमता सांगताना पंप पाण्यापासून किती उंच आहे हे सांगावं लागतं. अमेरिकन चाचण्यांत ती उंची सुमारे तीन मीटर धरतात.

त्या दिवशी पुलावरून पाण्यापर्यंतची उंची कोणी मोजली नाही. उन्हाळ्यात ही नदी किती खाली जाते हे मात्र गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मुलं तेव्हा पात्रातून चालत पलीकडे जायची.

बंब आल्यानंतर

बंब आला तेव्हा ठाण्याच्या दारातून आत जाईना. दार रुंद केलं. मग जमिनीच्या फळ्या त्याच्या वजनानं वाकायला लागल्या, म्हणून दगडी फरशी बसवली. ही कामं पटकन झाली.

चालकाच्या निवडीत बराच वेळ गेला. घोड्यांचा करार संपला होता, आणि काही जणांचं म्हणणं होतं की गाडीवानालाच मोटार शिकवावी. त्याला रस्ते माहीत, रात्री गर्दीतून जड गाडी काढण्याची सवय. कमिटीनं यंत्रज्ञाला निवडलं. तो इंजिन जाणायचा हे खरं, पण तो एकटाच. दुसरा चालक तयार करण्याचा ठराव दोनदा पुढे ढकलला गेला. हँडल मारून इंजिन सुरू करणं हे ताकदीचं आणि धोक्याचं काम होतं. ठिणगीची वेळ नीट मागे घेतली नाही तर हँडल उलटा झटका देतं आणि मनगट मोडतं. या भीतीनंही कोणी पुढे आलं नसावं असं नोंदींवरून वाटतं.

तिसरी गोष्ट नळ्यांच्या जोडांची. जुन्या नळ्यांच्या पितळी कपलिंगचे आटे नव्या पंपाच्या आट्यांशी जुळत नव्हते. ही अडचण तेव्हा सगळीकडे होती. 1904 च्या बाल्टिमोरच्या आगीत मदतीला आलेल्या इतर शहरांच्या दलांच्या नळ्या तिथल्या हायड्रंटना, म्हणजे रस्त्यावरच्या आगीसाठीच्या नळांना, बसल्या नाहीत, आणि पंधराशेच्या वर इमारती जळाल्या. त्यानंतरच आटे एकसारखे करण्याची मोहीम अमेरिकेत नेटानं सुरू झाली. गावच्या लोहारानं जुन्या नळ्यांसाठी जोडपट्ट्या कातून दिल्या. पण त्या फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या तोंडांसाठी होत्या. पाणी आत घेणाऱ्या तोंडाला जुनी नळी जोडायची वेळ येईल, हे कोणाच्या मनात आलं नाही.

आणि हातपंप? तो भंगारात विकून आलेल्या पैशात नव्या नळ्या घ्यायच्या, असा ठराव एकमतानं झाला. गिऱ्हाइक मिळालं नाही. बंब ठाण्यामागच्या पडवीत पडून राहिला. आज तो गावानं प्रेमानं जपला असं सांगतात. त्या वेळच्या कागदांत तसं काही नाही.

वखारीची आग

पुढच्या उन्हाळ्यात वखार पेटली. रात्रीची वेळ होती. यंत्रज्ञ ठाण्याशेजारीच राहायचा. त्यानं कार्बाइडचे दिवे लावले, हँडल मारलं, आणि घंटा थांबायच्या आत बंब रस्त्यावर होता. घोड्यांच्या काळात हे अशक्य होतं. पोचताच सोडा-ॲसिडची धार सुरू झाली. वखारीच्या कडेचं ऑफिस आणि कागदपत्रं तिनं वाचवली. इथपर्यंत बंबानं जे करायचं ते केलं.

मग पंपाची पाळी. बंब पुलाच्या तोंडाशी, प्रात्यक्षिकाच्याच जागी नेला. शोषक नळीचे तुकडे जोडून खाली सोडले. टोक पाण्यात पोचलं. पंप सुरू केला. नळी आक्रसून कडक झाली, पंपावरचा काटा निर्वात, म्हणजे नळीतली हवा निघून झालेली पोकळी, दाखवत होता, आणि पाणी येईना.

पुढची सुमारे वीस मिनिटं मला या प्रकरणात सगळ्यात जास्त बोचतात. ती यंत्रातला बिघाड शोधण्यात गेली. सांधे पुन्हा आवळले. वॉशर बदलले. जोडांवर ओली माती थापली. पंपात वरून पाणी ओतून पाहिलं, कारण असा दातेरी चाकांनी पाणी ढकलणारा पंप कोरडा असला की हवा नीट ओढत नाही. यातलं प्रत्येक पाऊल योग्य होतं. पाणी येत नाही याचं नेहमीचं कारण गळती हेच असतं. पण इथे काटा निर्वात दाखवत होता, म्हणजे गळती नव्हती. पाणी नळीत जितकं चढू शकत होतं तितकं चढून थांबलं होतं. यंत्र नवं होतं, म्हणून सगळ्यांचा संशय यंत्रावर. नदीकडे कोणी पाहिलं नाही.

शेवटी यंत्रज्ञानंच पंप बंद केला. कोरडा चालवला तर दाते झिजतील एवढं त्याला कळत होतं. आणि त्या क्षणी, नोंदीनुसार, हातपंप आणा असं सांगणारा माणूस अग्निशामक दलातलाच नव्हता. तो घोड्यांचा करार गेलेला गाडीवान होता. तो आग पाहायला आला होता, आणि आपली माल वाहायची गाडी घेऊन आला होता.

हातपंप हलका. तो माणसांनी उचलून, ढकलत, जनावरांना पाण्यावर नेण्याच्या उतरत्या वाटेनं थेट पात्रात नेला. तिथे पाणी अगदी जवळ. दांड्यांवर माणसं लागली. त्याची धार आगीपर्यंत पोचत नव्हती, पण काठावर चढत होती. ती नळी थेट मोटार बंबाच्या आत घेणाऱ्या तोंडाला जोडता आली असती तर काम सोपं होतं. आटे जुळत नव्हते. तेव्हा गाडीवानानं आपल्या गाडीच्या साट्यात ताडपत्री अंथरली. खालून आलेलं पाणी त्यात पडायला लागलं, आणि मोटार बंबाची शोषक नळी त्या ताडपत्रीच्या हौदात सोडली. आता उंची हातभर. पंपानं पाणी लगेच धरलं.

हातपंप जितकं देईल तितकंच पाणी पुढे जाणार, त्यामुळे एकच धार चालली. पण ती जोरकस होती, दूरवर जाणारी होती, आणि पहाटेपर्यंत थांबली नाही. दांड्यांवर बायका, गिरणीचे कामगार, बाजारातले व्यापारी आळीपाळीनं लागले. वखार गेली. गिरणी आणि बाजाराकडची घरांची रांग वाचली.

त्यानंतर

कमिटीची पहिली बैठक वादळी झाली. कारखान्याला एक कडक पत्र लिहिलं गेलं. कारखान्याचं उत्तर सभ्य आणि अचूक होतं: पंपाची क्षमता कोणत्या उंचीला दिली आहे ते करारातच आहे. होतंच. यंत्रज्ञाची नळी आणि कॉक जिथे लिहिला होता, त्याच पानावर.

इथे कमिटीसमोर पुन्हा एक फाटा होता. जास्त ताकदीचा पंप मागायचा, असा एक मतप्रवाह होता. बैठक मोडता मोडता यंत्रज्ञानं हवेचा दाब समजावून सांगितला. कितीही मोठं इंजिन बसवलं तरी पाणी त्याहून वर चढणार नाही, हे त्यानं काचेची नळी आणि बादली घेऊन दाखवलं असावं. इतिवृत्तात त्या दोन वस्तू आणल्याची नोंद आहे. मग चर्चा पंपावरून पाण्याकडे वळली, आणि विमा कंपनीच्या पत्रातली दुसरी मागणी पहिल्यांदाच पूर्ण वाचली गेली.

दोन कामं ठरली. पुलाच्या खालच्या अंगाला पात्रापर्यंत गाडी उतरेल असा दगडी उतार. आणि वखारीजवळ एक बांधीव विहीर, जी उन्हाळ्यातल्या पाण्याच्याही खालून नदीला नळानं जोडलेली असेल. नदीचं पाणी आपोआप विहिरीत यायचं. पण जमिनीपासून विहिरीतलं पाणीही उन्हाळ्यात खोलच राहणार, म्हणून विहिरीशेजारी खोलगट जागा करून बंब तिथे उतरवून उभा करायची सोय केली. ही कल्पना कोणाची ते लिहिलेलं नाही, पण ती करणाऱ्याला धडा नीट समजला होता. पाणी वर आणता येत नसेल तर पंप खाली न्यायचा.

जोडपट्ट्या आता दोन्ही बाजूंच्या तोंडांसाठी कातल्या गेल्या. दुसरा चालक म्हणून गाडीवानाला नेमलं. हातपंप विकण्याचा ठराव मागे घेतला, आणि तो सरावात मोटार बंबाबरोबर निघायला लागला. विमा कंपनीच्या माणसानं पाहणी केली ती मुद्दाम उन्हाळ्यात, कमिटीच्याच विनंतीवरून. हप्ता वाढला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बंब घेण्याचा निर्णय चुकला असं मला वाटत नाही. चौथी वाटच बरोबर होती. ऑफिस वाचलं ते त्या बंबाच्या वेगामुळे, आणि घरांची रांग वाचली ती त्याच्या पंपाच्या जोरामुळे. चुकला तो क्रम. विमा कंपनीच्या पत्राची दोन्ही कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचली असती, तर उतार आणि विहीर बंबाच्या आधी किंवा बरोबर झाली असती. उताराचा खर्च बंबाच्या मानानं किरकोळ होता.

प्रात्यक्षिक उन्हाळ्यात घ्यायला हवं होतं, असं सहज म्हणता येतं. पण कारखान्याचा माणूस गावाच्या सोयीनं येत नसे, आणि तोवर वर्गणी देणारे थांबले नसते. तरीही एक दोरी आणि एक दगड पुरेसा होता. पुलावरून दोरी सोडायची, उन्हाळी पाण्याची खूण खांबावर होतीच, तिथपर्यंत मोजायचं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तीच उंची मुद्दाम करून पाहता आली असती: बंब चढावर उभा करून नळी लांबवली असती तरी पंप कुठे हात टेकतो ते त्याच दुपारी कळलं असतं. यंत्रज्ञानं इंजिनाच्या सहनशक्तीसाठी जो हट्ट धरला, तोच उंचीसाठी धरला असता. पण तो गिरणीतला माणूस. त्याची यंत्रं आयुष्यभर एकाच जागी, एकाच पाण्यावर चालली होती.

आगीच्या रात्री गेलेल्या त्या वीस मिनिटांबद्दल मी कोणाला बोल लावणार नाही. काटा वाचायला कोणी शिकवलं नव्हतं. कारखान्याच्या पुस्तिकेत गळती कशी शोधावी याची पानं भरली होती, पण नळी आक्रसते, निर्वात टिकतं आणि तरी पाणी येत नाही तेव्हा जागा बदला, असं एक वाक्य नव्हतं. सरावही एकाच जागी, पुलापाशी, पाणी भरपूर असताना झाले होते. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या आठवड्यात एक जरी सराव झाला असता तर हीच वीस मिनिटं एखाद्या रविवारी सकाळी गेली असती, आणि कोणाचं काही जळलं नसतं.

गाडीवानाबद्दल मात्र मला राहून राहून वाटतं. त्याला पहिल्यांदाच दुसरा चालक केलं असतं, तर नदीची वाट, उतरणीचा रस्ता आणि पाण्याची जागा यांची माहिती दलाच्या आत राहिली असती. रोज जनावरांना पाण्यावर नेणाऱ्या माणसाला पाणी कुठवर उतरतं हे कोणी सांगावं लागत नाही.

आगीनंतर सरावाच्या नोंदवहीत एक नवा रकाना आखला गेला: पाण्यापासून पंपापर्यंत उंची. दर महिन्याला तो भरलेला आहे, वेगवेगळ्या अक्षरांत, पुढे कित्येक वर्षं. भरीव रबराच्या चाकांच्या जागी हवेची चाकं आली, सोडा-ॲसिडची टाकी काढून साध्या पाण्याची टाकी बसवली, तेव्हाही तो रकाना चालूच होता. बंब निवृत्त झाला त्या महिन्यातही कोणीतरी विहिरीपाशी जाऊन दोरी सोडली आणि आकडा लिहिला.